ब्रह्मगिरीची फेरी: नवख्यांसाठी आणि स्वतःला जुने समजणाऱ्यांसाठी सूचना

नाशिककरांना समुद्र नाही, त्यामुळे बेटही नाही. ही उणीव श्रावणात भरून निघते. खाली भाताच्या खाचरांत पाणी, वर ढग, आणि मधोमध तरंगत असलेला ब्रह्मगिरी. या बेटाला पायी वळसा घालण्याची सोय त्र्यंबकेश्वरात फार पूर्वीपासून आहे. लहान फेरी साधारण 20 किलोमीटरची, मोठी त्याच्या दुपटीची. खालील सूचना लहान फेरीपुरत्या आहेत. मोठी फेरी करणाऱ्यांना सूचना देऊन उपयोग नसतो.

प्रथम मुहूर्त. फेरी वर्षात कोणत्याही दिवशी करता येते, म्हणून ती सगळे एकाच रात्री करतात. श्रावणातल्या तिसऱ्या सोमवारच्या आदल्या रात्री नाशिक, ठाणे, मुंबई आणि खानदेश हे चारही प्रांत त्र्यंबकच्या एका बोळात मावतात का, याची दरवर्षी परीक्षा होते आणि ते मावतात. आपली गाडी मात्र ओळखीने थेट देवळापर्यंत जाईल, या श्रद्धेने निघू नये. ही श्रद्धा खंबाळ्याच्या वाहनतळावर उतरवून घेतात आणि पुढे एसटीत बसवतात. एसटीत उभे राहायला मिळाले तर तीही फेरीची पूर्वतयारीच समजावी.

पोशाखाबाबत दोन संप्रदाय आहेत. एक अनवाणी. दुसरा नवाकोरा ट्रेकिंगचा बूट, पाठीवर नळीने पाणी प्यायची पिशवी, मनगटावर पावले मोजणारे घड्याळ, असा सशस्त्र. पहाटेपर्यंत सशस्त्र संप्रदायाच्या टाचेला फोड येतात आणि अनवाणी संप्रदायातल्या सत्तरीच्या आजी त्यांना ओलांडून पुढे जातात. जाताना आजी ‘बस थोडं, बाळा’ म्हणतात. हा अपमान नसून आपुलकी आहे, असे मानून बसावे. काठी मात्र घ्यावी. चिखलात ती उपयोगी पडते आणि फोटोत माणूस विचारी दिसतो.

सुरुवात कुशावर्तात स्नानाने करायची. पाणी गार असते ही तक्रार कुंडाच्या काठावर करू नये, तिथे ती ऐकून घेणारा कोणी कोरडा नसतो. मग त्र्यंबकराजाला बाहेरूनच नमस्कार करावा. दर्शनाच्या रांगेत लागलात तर फेरी पुढच्या वर्षी. नमस्कार झाला की निघायचे, तेही चक्क नाशिकच्या दिशेने. ज्या रस्त्याने मरमरत आलो त्याच रस्त्याने प्रयागतीर्थाकडे परत जायचे, हे नवख्यांना पटत नाही आणि कुटुंबातला पहिला वाद इथेच होतो. वाद मिटवण्याचा नियम एकच: डोंगर उजव्या हाताला ठेवावा. प्रदक्षिणेत देव उजवीकडे असतो, म्हणून पेगलवाडीजवळ उजवीकडे वळून पहिन्याच्या रस्त्याला लागायचे आणि उजवा हात शेवटपर्यंत सोडायचा नाही. मोबाइलच्या नकाशापेक्षा हा नियम भरवशाचा आहे. अडचण एवढीच, की रात्री आणि धुक्यात डोंगरच दिसत नाही. अशा वेळी तो आहे असे धरून चालावे. पुढचे हजारो लोकही तसेच धरून चाललेले असतात.

वाट चुकण्याविषयी थोडे सविस्तर सांगणे भाग आहे, कारण या वाटेवर चुकण्याला मोठी परंपरा आहे. विठ्ठलपंत मुलाबाळांसह ब्रह्मगिरीची प्रदक्षिणा करत असताना वाघ समोर आला, पळापळीत थोरला निवृत्ती मागे राहिला आणि एका गुहेत शिरला, अशी कथा आहे. गुहेत गहिनीनाथ होते. मुलगा परतला तो नाथपंथाची दीक्षा घेऊन. तीच त्याने धाकट्या ज्ञानदेवाला दिली आणि 1290 मध्ये ज्ञानेश्वरी आली. एका चुकामुकीचा मराठी भाषेला इतका फायदा दुसरीकडे झाल्याचे ऐकिवात नाही. निवृत्तिनाथांची समाधीही इथे त्र्यंबकलाच आहे. तरीही हे पाहून मुद्दाम चुकण्याचा प्रयत्न करू नये. या भागात आता वाघ राहिलेला नाही. बिबटे आहेत, पण जिल्ह्यातले बरेचसे बिबटे उसात राहायला गेले आहेत आणि त्यांच्यापासून पळून माणूस गुहेत नव्हे, ग्रामपंचायतीत पोचतो. शिवाय हल्ली चुकलेल्याला गुरू भेटण्याआधी ध्वनिक्षेपक गाठतो: ‘निळा शर्ट घातलेले मामा जिथे असतील तिथून मंडपाजवळ यावे, मामी रडत आहेत.’ मामी रडत नसतात, चिडलेल्या असतात. पण ध्वनिक्षेपकावर तसे म्हणता येत नाही.

वर त्र्यंबकगड आहे, म्हणून इतिहासाची बाजूही सांभाळावी लागते. हा किल्ला 1636 मध्ये शहाजीराजांना तहात सोडावा लागला, 1670 मध्ये मोरोपंत पिंगळ्यांनी स्वराज्यात आणला आणि 1818 मध्ये इंग्रजांनी घेतला. या साऱ्यांना वर जायचे होते आणि त्यासाठी तोफा, तह, दारूगोळा लागला. फेरीवाल्याला वर जायचेच नसते. पायथ्याने फिरणाऱ्याशी कोणताही किल्लेदार लढत नाही, हे युद्धशास्त्र मुलांना सांगावे. मुले ऐकत नसतील, कारण तोपर्यंत ती कुणाच्या तरी खांद्यावर झोपलेली असतात.

उपवासाचे काय, हा प्रश्न विचारला जातो. श्रावणी सोमवार असल्याने उपवास असतोच. वाटेत साबुदाण्याची खिचडी, केळी, राजगिऱ्याचे लाडू, शेंगदाण्याची चिक्की, बटाट्याचे वेफर आणि दर फर्लांगावर चहा, इतका कडक उपवास वर्षात दुसरा घडत नाही.

पहिने ओलांडले की ‘किती राहिलं?’ हा प्रश्न सुरू होतो. तो कोणाला विचारावा, याला महत्त्व आहे. उलट्या दिशेने येणाऱ्याला विचारण्याची सोय नाही, कारण या वाटेवर उलटे कोणी येत नाही. म्हणून धाडोशीच्या अंगणात उभ्या असलेल्या गावकऱ्याला विचारतात. तो म्हणतो, ‘आलंच आता, दादा.’ हे त्याने रात्रभर सगळ्यांना सांगितलेले असते आणि त्यात असत्य काही नाही. तो हे अंतर रोज चालतो, डोक्यावर ओझे घेऊन चालतो आणि त्याबद्दल त्याला कोणी पुण्य देत नाही. त्याच्या दाराशी पाण्याचा हंडा ठेवलेला असेल, तर पाणी पिऊन पेला जागेवर ठेवावा. सूचनेत हे लिहावे लागते, याची लाज वाटते.

पहाट साधारण डोंगराच्या पश्चिम अंगाला होते. इथे थांबून पाहण्यासारखे आहे, आणि हे विडंबन म्हणून म्हणत नाही. ढग उचलला जातो आणि काळ्या कड्यावरून पाण्याच्या धारा सुटलेल्या दिसतात. तुम्ही एव्हाना पाणलोट ओलांडलेला असतो. पूर्वेला पडणारा पाऊस गोदावरीतून राजमहेंद्रीला, बंगालच्या उपसागराला जातो. इकडे पडणारा वैतरणेला मिळतो, धरणातून मुंबईच्या नळाला जातो आणि उरलेला अरबी समुद्राला. एका रात्रीत दोन समुद्रांच्या पाण्यातून चालत जाण्याची सवलत कोणत्याही पर्यटन कंपनीच्या जाहिरातीत नाही. ज्या डोंगरावर हे घडते तो पोखरण्याचे काम 2021 मध्ये पायथ्याशी उघडकीला आले, बरीच ओरड झाली आणि चौकश्या लागल्या. बंगल्यांना ‘ब्रह्मगिरी दर्शन’ हवे असते, त्यासाठी थोडा ब्रह्मगिरी काढावा लागतो, असा हा हिशेब होता.

सापगावापुढे त्र्यंबक जवळ येते आणि पाय दूर जातात. या टप्प्यात कोणाशीही नाते, जमीन किंवा पुढच्या वर्षीचा बेत यावर बोलू नये. पोचल्यावर घड्याळातली पावले मोठ्याने वाचू नयेत, मागे अनवाणी आजी उभ्या असतात.

शेवटची सूचना बाटलीविषयी. रिकामी झालेली प्लास्टिकची बाटली पिशवीत घालून घरी आणावी. पश्चिमेला टाकली तर ती मुंबईकरांच्या पाण्याकडे निघते. ते चालेल, असे वाटणारे नाशिकमध्ये पुष्कळ आहेत. पूर्वेला टाकणाऱ्यांनी मात्र ध्यानात ठेवावे, की त्र्यंबकची गोदावरी आधी गंगापूर धरणात जाते आणि त्या धरणाचे पाणी नाशिकच्या, म्हणजे तुमच्याच, नळाला येते.