बांबूचा दमा

अक्कलकुव्यात मास्तरकी करत होतो तेव्हा मी रोज पहाटे बासरी फुंकत असे. वाजवत असे म्हणायला जीभ रेटत नाही. षड्जाच्या शोधात निघालेली फुंकर कधी छपराकडे जाई, कधी हनुवटीकडे. चुकून बासरीत शिरलीच, तर परक्या घरात आलेल्या पाहुण्यासारखी नुसती खाकरून बाहेर पडे. तीन महिन्यांनी शेजारच्या आजींनी काळजीनं विचारलं, "गुरुजी, दमा जुना शे का?" मी बासरी मखमली पिशवीत सरकवली आणि रियाजाच्या वहीत त्या दिवशीही 'एक तास' असं लिहून ठेवलं. वही मी फार जपायचो.

त्या फाल्गुनात काठीची होळी पाहायला गेलो. काठी संस्थानची ही राजवाडी होळी १२४६ पासून चालत आलीय, असं सांगतात. रानातून उंचच उंच बांबू आणायचा, त्याच्यासाठी खड्डा हातांनीच उकरायचा. नाचणारे आधी कितीतरी दिवस पालनी पाळतात. खाट नाही, अंघोळ नाही. अंगभर पांढऱ्या ठिपक्यांची नक्षी, डोक्यावर मोरपिसांचे टोप, कमरेला घुंगरू आणि वाळके भोपळे. ढोल घुमू लागला आणि नाचणाऱ्यांचं रिंगण फिरू लागलं. तोच पाय, तेच वळण. मध्यरात्रीपर्यंत मी फेरे मोजले, सवयच ती; पुढे कधी मोजणं सुटलं, कळलं नाही. बापाच्या मागे आठेक वर्षांचा पोरगा पेंगत नाचत होता. डोळे मिटलेले, पाय मात्र ठेक्यावर! मला ते टक्क जागेपणीही साधलं नव्हतं.

पहाटे बांबू पेटवला. एवढा पारखून आणलेला! माझ्यातला हिशेबनीस कळवळला. तीस रुपयांच्या माझ्या वीतभर बांबूला मी मखमल शिवून घेतली होती, आणि इथे आभाळाला टेकणारा बांबू जळताना लोक आनंदानं नाचत होते. अंगावरची ती देखणी नक्षीही आता पाण्यात जायची. तिचीही कुणाला हळहळ दिसेना.

खोलीवर परतलो तेव्हा डोळ्यांत धूर होता, कानांत ढोल. वही हाताशी नव्हती, शोधलीही नाही. पेंगतच बासरी ओठांना लावली.

भिंतीपलीकडून आजी म्हणाल्या, "गुरुजी, आज दमा कमी शे."