जत्रेतला चष्मा

महाशिवरात्रीला कुणकेश्वरच्या जत्रेत तात्या आधी देवाकडे जातात की चष्मेवाल्याकडे, यावर आमच्या मिठबावात दोन मतं आहेत. मी डोळ्यांनी पाहिलंय ते सांगतो: आधी चष्मेवाल्याकडे. देवाच्या रांगेत दोन-तीन तास सहज मोडतात आणि तोवर बरे चष्मे लोकांनी उचललेले असतात. देव कुठे जात नाही.

तात्या कोणाचे कोण, ते विचारू नका. देवगड ते मालवण, किनाऱ्यावरच्या कुठल्याही वाडीत जा, खळ्यात उभे राहा आणि 'तात्यानू' अशी हाक मारा. जो चष्मा कपाळावर ढकलून 'कोण ता?' विचारेल, तो तात्या.

बाजारात बांगडा घ्यावा तसा तात्या चष्मा घेतात. आधी काड्या उघडमीट करून बघायच्या, मग काच उजेडाकडे धरायची, मग नाकावर चढवायचा. खिशात वर्तमानपत्राचा एक घडी घातलेला तुकडा असतो, बहुधा निधनवार्तांचा. तो लांब, जवळ, पुन्हा लांब. मेलेला माणूस नीट ओळखता आला की चष्मा पास. 'डोळे माझे, दिसता माका, मगे नंबर डॉक्टर कसो सांगतलो? माझो नंबर माकाच म्हायत!'

आता तात्यांचा एक डोळा दुसऱ्याशी गेली वीस वर्षं भावकीतल्या चुलत्यांसारखा वागतो. दोघांचा नंबर वेगळा. जत्रेतल्या चष्म्यात मात्र दोन्ही काचा एकाच नंबराच्या आणि बाहुल्यांमधलं अंतरही एकच, मग नाक पोपटाचं असो की तात्यांचं. संध्याकाळी कपाळ ठणकलं की तात्या म्हणतात, 'खाऱ्या वाऱ्यान.' शिवाय साखर आहेच. ती वर गेली की डोळ्यातलं भिंग फुगतं आणि नंबर हलतो. एका गणपतीत तात्यांनी मोदकांच्या भरात चष्मा बदलला, पुढे साखर खाली आली आणि नवा चष्मा निरुपयोगी ठरला. दोष गेला विकणाऱ्याला. मोदकांकडे कोणी संशयाने बघितलंसुद्धा नाही.

जुने चष्मे फेकत नाहीत. माजघरातल्या खुंटीवर आजोबांचा एक चष्मा अजून लटकतोय. सातबाऱ्यावर जशी पंधरा नावं, तशीच त्या चष्म्यावरही सगळ्यांची वहिवाट. काकी त्यानेच तांदूळ निवडते, चुलते त्यानेच वीजबिल वाचतात. बिल कमी दिसतं, हा त्या चष्म्याचा मोठा गुण.

मग तीन वर्षांपूर्वी चमत्कार झाला. अडुसष्टाव्या वर्षी तात्या एका सकाळी बिनचष्म्याने वर्तमानपत्र वाचू लागले. गावभर बातमी. 'गजबादेवीन दृष्टी दिल्यान!' देवीला नारळ झाला. काहींनी श्रेय कोकमाच्या आगळाला दिलं. त्याच आठवड्यात तात्यांनी तांबळडेगच्या रस्त्यावर आंब्याच्या टेम्पोला एसटी समजून हात केला, आणि रात्री समोरून येणाऱ्या गाडीच्या दिव्यांभोवती त्यांना खळी दिसू लागली. पण लांबचं न दिसणं तात्यांच्या मते वयाचं होतं आणि जवळचं दिसणं देवीचं.

सुनेने शेवटी शिबिरात नेलं. तिथे सहा मीटरवर तक्ता टांगलेला. 1862 साली नेदरलँड्सच्या स्नेलेन नावाच्या डॉक्टरने असा तक्ता काढला, तेव्हा त्याने तात्यांचा हिशेब धरला नव्हता. तात्यांनी रांगेत पुढच्या सात जणांचं वाचन ऐकून सगळ्या ओळी पाठ केल्या होत्या. डाव्या डोळ्याने घडाघडा म्हटल्या. उजव्याच्या वेळी डॉक्टरांनी तक्ता बदलला, तरी तात्यांनी जुन्याच ओळी म्हटल्या, त्याही तालात.

डॉक्टरांनी निदान सांगितलं: मोतीबिंदू. भिंगाचा गर घट्ट होत गेला की जवळचा नंबर काही काळ आपोआप उतरतो, म्हणून वाचता येऊ लागलं. नारळ फुकट गेला म्हणून तात्या क्षणभर खट्टू झाले. मग बाहुल्या मोठ्या करणारं औषध घालून पडदाही बघितला, डोळ्यातला दाबही मोजला.

'कित्याक? माका दुखत तर नाय.'

'हापूसला साका असतो, तो बाहेरून कळतो?' डॉक्टर देवगडकडचेच असावेत. 'काचबिंदू तसाच. दुखत नाही, समोरचं नीट दिसत राहतं, कडेकडेचं जातं, आणि गेलेलं परत येत नाही. फरक एवढाच, की आंबा कापावा लागतो. डोळा न कापता बघता येतो.'

तात्या गप्प. आयुष्यभर बाहेरून देखण्या आंब्यांनी फसवलेला माणूस तो, त्याला दुसऱ्या कुठल्या भाषेत हे पटलं नसतं. पडद्यावर साखरेची खूण नव्हती, दाबही ठीक निघाला. दरवर्षी दाखवायचं ठरलं.

यंदाच्या जानेवारीत शस्त्रक्रिया झाली. नवा चष्मा महिन्याभराने, नंबर स्थिरावल्यावर. चिठ्ठी मिळाली आणि नेमकी महाशिवरात्र आली. तात्या चिठ्ठी घेऊन थेट त्याच चष्मेवाल्याकडे. त्याने चिठ्ठी हातभर लांब धरली, मग डोळे बारीक केले, मग मांडलेल्या मालातला एक चष्मा उचलून स्वतःच्या नाकावर चढवला, वाचली आणि चष्मा जागेवर ठेवला.

'ह्यो नंबर माझ्याकडे नाय. दोन डोळ्यांक दोन वेगळे, वर तिरपो नंबर. तो दुकानात करून घेवचो लागतलो.'

'ता माका म्हायत,' तात्या म्हणाले. 'पण मेल्या, तू तुझे डोळे कधी तपासलंस?'

'मी कित्याक तपासूक व्हयेत? माझो नंबर माकाच म्हायत.'

तात्या त्याच्याकडे बघत राहिले. मग खाली वाकून त्यांनी दोन चष्मे निवडले, काड्या उघडमीट केल्या, काच उजेडाकडे धरली.

'तात्या, आता हे कशाला?' मी विचारलं.

'पावण्यांक लागतत.'