शनिवारची साडेसाती

भाच्यानं व्हॉट्सॲपवर जो तक्ता पाठवला, त्याच्या एकोणिसाव्या ओळीत माझं नाव होतं. ‘पहाटे ३ ते ४.३०. न्युरेंबर्ग ते म्युनिक. गाडी चालवणार : मी. मला जागं ठेवणार : मामा, औरंगपुरा.’

मी चष्मा पुसून पुन्हा वाचलं. आजवर मी फार तर औरंगपुरा ते गुलमंडी एवढ्या पट्ट्यातली वाहतूक सांभाळली आहे, तीही भाजीची पिशवी घेऊन रस्ता ओलांडताना एक हात वर करून. जर्मनीतली आपल्याकडे कशी आली?

प्रकरण असं होतं. भाचा नोकरीनिमित्त नेदरलँड्सला, आइंडहोवनला असतो. तिथली माणसं हिवाळा आला की गाडीच्या टपावर एक लांबुळकी पेटी बांधतात आणि बर्फावर घसरायला परदेशी जातात. परदेशी, कारण घरात डोंगर नाही. नेदरलँड्सच्या युरोपातल्या हद्दीत सगळ्यात उंच जागा ३२२ मीटरची. आमची औरंगपुऱ्याची भाजी मंडई समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरच्या वर. म्हणजे कोथिंबीर घ्यायला मी रोज ज्या उंचीवर जातो, तिथं पोचायला त्या लोकांना देश सोडावा लागतो.

यंदा भाच्यानंही ठरवलं. ऑस्ट्रियाच्या टिरोलमध्ये झिलरटाल नावाचं खोरं आहे, तिथं आठवडाभर स्कीइंग. भाचा, सून, दोन पोरं आणि सध्या तिकडं मुक्कामाला असलेली माझी थोरली बहीण. अंतर साधारण नऊशे किलोमीटर. आपला समृद्धी महामार्ग ७०१ किलोमीटरचा. तो नागपूरपासून पार आमण्यापर्यंत संपवायचा आणि वर औरंगपुऱ्याहून जवळजवळ पुणं गाठण्याइतकं आणखी जायचं. हे सगळं एका रात्रीत.

“रात्रीच का पण?” मी विचारलं.

त्याचं कारण शनिवार. तिकडच्या डोंगरात राहायची घरं बहुतेक शनिवार ते शनिवार अशीच मिळतात. एक अख्खी वस्ती शनिवारी उतरते आणि दुसरी चढते, त्यामुळं दिवसा म्युनिकच्या आसपास गाड्यांची रांग लागते. म्हणून शुक्रवारी ऑफिस सुटलं की निघायचं, पोरं झोपेत नेऊन टाकायची आणि सकाळी सातला डोंगरापाशी. घराची किल्ली मात्र दुपारनंतर. “मग सात ते दुपारपर्यंत बसायचं कुठं?” ताईनं विचारलं. तक्त्यात ती ओळच नव्हती. शनि शिंगणापूर शेजारच्या जिल्ह्यात असलेल्या माणसांनी शनिवारी नव्या घरात पाऊल टाकू नये, असंही तिचं मत पडलं. तेही तक्त्यात बसलं नाही.

स. भु. कॉलेजजवळच्या आमच्या चहाच्या टपरीवर मी हा विषय काढला. काढायला नको होता. “घसरायलाच जायचं तर नऊशे किलोमीटर कशाला?” एक जण म्हणाले. “पावसाळ्यात मंडईत यावं. कोबीच्या पानावर पाय पडला की थेट फुले चौक.” दुसऱ्यांना गुलमर्ग का नाही, याचा लेखी खुलासा हवा होता. तिसरे निवृत्त मास्तर. त्यांनी सांगितलं की १९६४ साली इन्सब्रुकच्या हिवाळी ऑलिंपिकला भारताचा पहिला खेळाडू गेला होता, जेरेमी बुजाकोव्स्की नावाचा. चमू म्हणजे तो एकटाच. आणि उताराच्या शर्यतीत तो खालपर्यंत पोचलाच नाही. “इन्सब्रुक तिथून जवळच आहे,” असं म्हणून मास्तरांनी चहा संपवला. माझा चहा तसाच राहिला.

खरं तर आमच्या टपरीची अडचण वेगळी आहे. आभाळातून पडणारा, तळ्यावर गोठणारा, मासळीखाली पसरलेला आणि गोळ्यावर लाल सरबत घालून चोखायचा, या सगळ्याला आपण बर्फच म्हणतो. त्यामुळं बर्फावर खेळायचं म्हटलं की मास्तरांच्या डोळ्यांपुढं भुश्यात गुंडाळलेली लादी येते. त्या लादीवर दोन पोरं आणि माझी बहीण उभी केली, तर कुणालाही काळजी वाटेलच.

तक्ता मात्र सुरेख होता. ऑस्ट्रियात १ नोव्हेंबर ते १५ एप्रिल या काळात रस्त्यावर बर्फ असेल तर गाडीला हिवाळी टायर हवेतच. टायरवर तीन शिखरं आणि मधे हिमकण असं चित्र असतं, भाच्यानं त्याचाही फोटो जोडला होता. चाकांना बांधायच्या साखळ्या डिकीत. जर्मनीत मोटारीला टोल नाही. ऑस्ट्रियात महामार्गासाठी ठरावीक दिवसांचा पास आधीच काढायचा. जर्मनीच्या महामार्गावर बऱ्याच ठिकाणी वेगाला मर्यादा नाही, नुसती ताशी १३०ची शिफारस आहे; पण पेट्रोल संपून गाडी कडेला उभी राहिली तर दंड. म्हणजे हवं तेवढं पळा, थांबायचं काम नाही. आपल्याकडं बरोबर उलटं आहे.

स्वच्छतागृहाला एक स्वतंत्र रकाना होता. महामार्गावर माणशी एक युरो टाकायचा, मग फिरतं दार उघडतं, आणि तेवढ्याच किमतीचं एक कूपन हातात येतं. ते तिथल्याच दुकानात चालतं. ताईनं हिशेब लगेच धरला : कूपन वाया जाऊ नये म्हणून कॉफी घ्यायची, कॉफी घेतली म्हणून पुढं पुन्हा उतरायचं, उतरलं की पुन्हा कूपन. “असं करत मी ऑस्ट्रियाला पोचणारच नाही,” ती म्हणाली. खाण्याच्या रकान्यातलं ‘सँडविच’ तिनं खोडायला लावलं. त्या जागी धपाटे, दशम्या, लसणाची चटणी आणि दह्याचा डबा आला. दह्याचा डबा कुणाच्या मांडीवर, यावर दोन दिवस गेले.

मग स्की भाड्यानं घ्यायचा अर्ज. त्यात वय, उंची, बुटाचं माप आणि वजन लिहायचं होतं. हे कुतूहल नव्हे. माणूस पडला की बूट पट्टीपासून आपोआप सुटावा लागतो, नाहीतर गुडघा जातो. आणि किती जोरानं सुटावा हे या आकड्यांवरून ठरवतात. घसरायचा ताईचा बेत मुळात नव्हताच, पण भाचा हौशी, त्यानं तिचंही नाव घातलं. ताईनं वजन सांगितलं. फोनवर ऐकूनच माझ्या बायकोनं माझ्याकडं पाहिलं. तो आकडा आम्ही दोघांनीही शेवटचा बघितला होता तो ताईच्या लग्नात.

लग्नाचा विषय निघालाच आहे तर सांगतो. १९८४च्या मे महिन्यात ताईच्या लग्नाचं वऱ्हाड आमच्या गल्लीतून रात्री पुण्याला निघालं, भाड्याच्या मेटॅडोरमधून. तक्ता वगैरे नव्हता. रात्रीच्या प्रवासाचं आमच्या घरी एकच नियोजन असायचं : ड्रायव्हरशेजारी कोण बसणार? त्या माणसानं झोपायचं नाही आणि झोपू द्यायचं नाही. ते काम अर्थातच वडिलांचं, म्हणजे अण्णांचं. नेवासा फाट्याला चहा होईपर्यंत त्यांनी ड्रायव्हरचं गाव, जमीन, भावकी, विहिरीचं पाणी आणि थोरल्या मुलाचे गणितातले मार्क एवढं काढून घेतलं. नगरच्या अलीकडं मेटॅडोर कडेला लागली. ड्रायव्हर नम्रपणे म्हणाला, “काका, तुम्ही मागं जाऊन पडा. तुमच्या आवाजानं मला गुंगी यायलीय.” वडील मागं आले, आईच्या शेजारी बसले आणि पुण्यापर्यंत एक अक्षर बोलले नाहीत. माझा आवाज हुबेहूब वडिलांसारखा आहे, असं सगळे म्हणतात.

एकोणिसाव्या ओळीची मला धास्ती वाटली ती यामुळं. पण भाच्याचा हिशेब पक्का होता. “मामा, सगळ्यात गाढ झोप येते पहाटे दोन ते पाचला. हिवाळ्यात आपल्यात साडेचार तासांचा फरक. म्हणजे तेव्हा तुमच्याकडं साडेसहा ते साडेनऊ. तुमची अंघोळ झालेली, चहा झालेला, मंडई भरलेली. इथं जागं कोणच नाही, तिथं झोपलेलं कोणच नाही. फोन गाडीच्या स्पीकरला जोडतो. तुम्ही फक्त बोला.”

त्याचे तीन म्हणजे आमचे साडेसात. शनिवारचे साडेसात. याला आपल्याकडं जे नाव आहे ते मी मनातच ठेवलं.

तयारीला लागलो. विषयांची यादी केली : पाणीपुरवठा, पाण्याच्या टाकीचा वॉल, शेजारच्यांची गच्ची, माझी पेन्शन. बायकोनं यादी वाचली आणि जांभई दिली. तेव्हा खुलताबादला जाऊन भद्रा मारुतीला नारळ ठेवून आलो. परत आल्यावर ती म्हणाली, “अहो, तो मारुती झोपलेला आहे. जागरणासाठी दुसरा देव नव्हता का?” पहुडलेल्या मारुतीची देवळं फारशी नाहीत, त्यातलं एक नेमकं आमच्या वाट्याला आलंय. पण त्याला भेटायला माणसं रात्रभर चालत जातात, हे ती विसरली. मी वाद घातला नाही. ऊर्जा शनिवारसाठी राखून ठेवली होती.

शुक्रवारी ते तिकडं रात्री आठला निघाले. आमचे साडेबारा. मी खरं तर झोपायला हवं होतं. पण भाच्यानं गाडी कुठं आहे ते दाखवणारा ठिपका पाठवून ठेवला होता, आणि असा ठिपका हलत असताना माणसानं झोपायचं कसं? तो कोलोनला पोचला तेव्हा मी पाणी प्यालो. फ्रँकफुर्टपाशी तो वीस मिनिटं एका जागी उभा राहिला, तेव्हा मी गॅलरीत येरझाऱ्या घातल्या. (ते धपाटे खात होते.) वुर्झबुर्गला मी चहा केला. सहाला मंडईत टेम्पो यायला लागले, सातला अंघोळ झाली, साडेसातला फोन वाजला. मी खुर्चीत बसून तो उचलला, “हं, बोल रे, कुठवर आलात,” असं म्हणालो, आणि पाणीपुरवठा एवढा एकच शब्द उच्चारल्याचं मला आठवतं.

पुढचं बायकोकडून कळलं. तिनं माझ्या हातातला फोन काढून घेतला, पिशवी उचलली आणि बोलत बोलत मंडईत गेली. मेथीची जुडी निवडताना भाजीवाल्यानं कोण म्हणून विचारलं, परदेशात भाचा रात्रीची गाडी चालवतोय म्हटल्यावर तो वाकून फोनमध्ये ओरडला, “भैया, आराम से चलाओ, ब्रेक पे पाँव रखो!” तेवढ्यानं मागच्या सीटवर ताई जागी झाली. जागी झाल्यावर तिनं विचारलं, मामा कुठाय? झोपलाय, असं उत्तर आलं. “म्हणजे अण्णांवर गेला,” ताई म्हणाली. “अण्णा निदान नगरपर्यंत तरी बोलले होते, वन्सं,” बायको म्हणाली. तिथून गोष्ट १९८४च्या मेटॅडोरवर गेली, तिथून लग्नावर, आणि लग्नावरून आईच्या पाटल्यांवर.

आईच्या पाटल्या चार. दोन ताईला घातल्या, दोन सुनेसाठी ठेवल्या, असं आमचं घर समजतं. ठेवलेल्या दोन वजनाला हलक्या होत्या, असं बायको समजते. घातलेल्या दोन मोडून नवऱ्याच्या धंद्यात गेल्या आणि त्या भरून द्यायचं अण्णांनी कबूल केलं होतं, असं ताई समजते. चाळीस वर्षं या तिन्ही समजुती वेगवेगळ्या खोल्यांत सुखानं नांदत होत्या. त्या पहिल्यांदा एका गाडीत, एका स्पीकरवर आणि ताशी १२०च्या वेगानं एकत्र आल्या. पोरं उठली. सून उठली. दह्याचा डबा कुणाच्या तरी मांडीवरून पडला.

भाचा नंतर मला म्हणाला, “मामा, इंगोलश्टाट कधी मागं पडलं कळलंच नाही. झोप सोडा, मी पापणी लववली नाही.” पावणेसातला ते डोंगरापाशी पोचले. बर्फ पडत होता. ताई गाडीतून उतरली ती हिमरू शाल अंगावर घेऊन. नावात हिम आहे म्हणून तिनं ती विश्वासानं नेली होती. बर्फाचा पहिला कण नाकावर पडला तेव्हा ती म्हणाली, “हलक्या नव्हत्या त्या.”

आता परतीचा तक्ता आलाय. शनिवारी संध्याकाळी निघणार. एकोणिसाव्या ओळीत आता ‘मामी’ आहे; ‘मामा’ हे खाली, ‘राखीव’ या मथळ्याखाली, साखळ्यांच्या आणि फावड्याच्या शेजारी. शिवाय नातलगांच्या ग्रुपवर भाच्याची विनंती आलीय, ती इथंही देतो, कारण आमचे बरेचसे नातलग ग्रुप बघत नाहीत, पण छापलेलं वाचतात : पाटल्यांचा विषय रविवारी सकाळी साडेनऊपर्यंत कृपया कुणीही मिटवू नये.