हनुवटीची भांगलण

हनुवटीवरचा पहिला केस मला पस्तिशीत सापडला. त्याच्यामागोमाग त्याची भावकी आली. पुढची पंधरा वर्षं दर पंधरवड्याला पार्लरवाली दातात दोरा धरून ही भावकी उपटायची आणि ती पुन्हा वतनावर हजर व्हायची.

सांगलीच्या माझ्या मावसबहिणीचीही हीच कथा. शेवटी दोघींनी एकाच महिन्यात इलेक्ट्रॉलिसिस सुरू केलं. मी साताऱ्यात, ती सांगलीत. घरी सांगितलं, दातांचं काम चाललंय.

माझ्या डॉक्टरांकडे गॅल्व्हानिक यंत्र. केसाच्या मुळाशी बारीक सुई घालायची, दुसरी कांडी ओल्या फडक्यात गुंडाळून आपण मुठीत धरायची. प्रवाह सुरू झाला की कातडीतल्या मिठापाण्याचा मुळाशी कॉस्टिक सोडा होतो. हो, तोच. नाली तुंबल्यावर ओततात तो. १८७५ साली अमेरिकेतल्या चार्ल्स मिशेल नावाच्या डोळ्यांच्या डॉक्टरनं पापणीचे आत वळलेले केस काढायला ही युक्ती वापरली. तेव्हापासून तिला घाई कशी ती ठाऊक नाही. एका केसाला दीड-दोन मिनिटं! कांडी धरून मी भालदारासारखी पडून राही.

बहिणीकडे थर्मोलिसिस. उच्च वारंवारतेचा प्रवाह, मुळाभोवतीचं पाणी तापतं, केस सेकंदांत खलास. कांडीबिंडी काही नाही. संध्याकाळी तिचा फोन यायचा.

"माझे साठ झाले. तुझे?"

"बारा."

"अगं, मग तुला पेन्शन लागेल तोवर!"

तीन महिन्यांनी मात्र तिचे बरेचसे मेलेले केस जिवंत झाले. माझे तेवढे परतले नाहीत. मी पेढे वाटायच्याच बेतात होते, पण डॉक्टरांनी कारण सांगितलं. पंधरा वर्षं दोऱ्यानं उपटून आमची मुळं वाकडी झालेली. सुईची उष्णता टोकाभोवतीच राहते, वाकडं मूळ बाजूला राहून वाचतं. सोडा पातळ असल्यामुळे वळणावळणानं आत झिरपतो. सुई नेमकी बसली तर दोन्ही पद्धती काम करतात, म्हणाले. यंत्रापेक्षा हात महत्त्वाचा. शिवाय केस वाढीच्या अवस्थेत असेल तरच नीट मरतो, म्हणून दीड वर्ष तरी खेपा घालायच्या. दोन्ही प्रवाह एकत्र देणारं ब्लेंडही आहे. अमेरिकेत १९४८ साली त्याचं पेटंटही निघालं. बहीण मुकाट्यानं ब्लेंडवर गेली. आता तिच्याही मुठीत कांडी आली, याचा मला झालेला आनंद मी लपवला नाही.

अडचण एकच. चिमट्यात धरता येण्याइतका केस राखावा लागतो. म्हणजे दोन खेपांच्या मध्ये उपटायची बंदी. आणि नेमकी त्यातच बहिणीच्या लेकीची हळद निघाली.

सांगलीची हळद ती! २०१८ पासून भौगोलिक मानांकनाची. त्यात मावशीच्या घरच्या शेतातली. नवरीला लावून झाल्यावर बायकांनी एकमेकींना माखायला सुरुवात केली आणि आमच्या हनुवट्यांवर एरवी न दिसणारे पांढरे केससुद्धा पिवळेधमक होऊन उभे राहिले. मांडवात दिवे लखलखीत. मावशीनं माझी हनुवटी धरून उजेडाकडे वळवली, मग लेकीची.

"दातांचं काम म्हनत हुता, ते ह्येच दात व्हय?"

आम्ही दोघींनी सगळं कबूल केलं. सोडा, सुई, कांडी, दीड वर्ष. ती हळदीच्या शेतात जन्म काढलेली बाई. तिला एका क्षणात कळलं.

"म्हंजे लव्हाळाच की. खुरप्यानं वरवर कापून जातोय व्हय? खालची गाठ निघाय पायजे."

मग तिनं इकडंतिकडं बघितलं, पदरानं ओठावरची हळद पुसली आणि माझ्या कानाशी आली.

"त्या डाक्टरला इचार, माज्या मिशीला किती खेपा लागतील?"