‘विंडोज मारून देतो’ म्हणणाऱ्या दादांना अनावृत पत्र

रा. रा. कॉम्प्युटरवाले दादा,
मुक्काम तालुक्याचे गाव, यांसी
चकलांब्याहून सा. न. वि. वि.

पत्रास कारण की, आपण माझ्या लॅपटॉपमध्ये बसवलेली आठ जीबी रॅम मी काढून लग्नपत्रिकेच्या पाकिटात ठेवली आहे आणि लॅपटॉप ठणठणीत चालू आहे. त्यावर झालेल्या सगळ्या उपचारांत गुण आलेला हा पहिलाच, आणि तोही आपण केलेला नव्हे.

आधी आपल्या हस्तकौशल्याविषयी. मागचं झाकण आपण नखानं उचकटलंत. बॅटरीची वायर काढणं आपल्याला कमीपणाचं वाटलं. पहिली पट्टी खाचेत जाईना, तेव्हा तिचे सोनेरी दात शाळेतल्या खोडरबरानं घासलेत आणि अंगठ्यानं पुन्हा रेटलंत. दादा, ती डीडीआर थ्री होती. माझा लॅपटॉप डीडीआर फोरचा. एकीला २०४ दात, दुसरीला २६०, आणि मधली खाच मुद्दामच वेगळ्या जागी ठेवलेली, अंगठेबहाद्दरांपासून यंत्राचा जीव वाचावा म्हणून. खाचेनं आपलं काम चोख केलं. मग ड्रॉवरच्या तळातून दुसरी पट्टी निघाली, ती गेली. “बसली ना? मग चालंल!” असा निकाल आपण दिलात.

आपल्याकडे येणाऱ्या जुन्या लॅपटॉपांची मला काळजी वाटते. साधी डीडीआर थ्री दीड व्होल्टची. तिची ‘एल’वाली धाकटी बहीण १.३५ व्होल्टवर चालणारी. दोघींची खाच मात्र एकाच जागी. ज्या मशिनला फक्त एलवालीच चालते त्यात साधीही गुमान बसते, आणि मशिन चालूच होत नाही. तेव्हा आपण कोणता निकाल देता?

“बत्तीसशेची आहे, रॉकेट!” म्हणून जादा पैसे घेतलेत. माझा लॅपटॉप चोवीसशेच्या वर जात नाही. तरणा खोंड म्हाताऱ्या बैलाबरोबर जुवाला बांधला तर औत म्हाताऱ्याच्याच चालीनं चालणार. टास्क मॅनेजर उघडून मेमरीवर क्लिक केलं असतं तर वेग किती, खाचा किती, त्यांतल्या भरलेल्या किती, सगळं समोर आलं असतं. आपण मला विचारलेला एकमेव प्रश्न होता, “चार टाकू का आठ?”

हे सगळं मी गिळलं. विंडोजचं गिळवत नाही.

निळा पडदा यायला लागला. रडकं तोंड काढून यंत्र स्वतःच खाली लिहीत होतं, मेमरी मॅनेजमेंट. त्याचा फोटो मी आपल्याला पाठवला. आपलं निदान: विंडोज करप्ट झाली, मारून देतो. मारलीत. पुन्हा निळा पडदा. निदान: व्हायरस. पुन्हा मारलीत. मग म्हणालात, तुमच्या चकलांब्याची लाईटच खराब. प्रत्येक मारण्याचे पैसे वेगळे, लाईटवरचं भाष्य तेवढं फुकट.

खराब रॅमचा कावाच असा की ती सरळ बंद पडत नाही. तिचा एखादा कोपरा मनात येईल तेव्हा शून्याचा एक करतो. त्या जागी विंडोजचा काही भाग असला तर पडदा निळा. पीडीएफ असली तर ती पुढं उघडत नाही. एखादा आकडा असला तर कुणालाच काही कळत नाही. आणि नवी विंडोज टाकतानाही तीच रॅम कामाला असते, म्हणजे आपण मारलेली विंडोज जन्मतःच अधू होण्याची सोय.

मी इथं लोकांचे ऑनलाइन फॉर्म भरतो. दिवाळीच्या सुमारास आमच्याकडचे कोयते, म्हणजे ऊसतोडीच्या जोड्या, उसाला जातात. जाण्याआधी नवरा-बायको आधार, पासबुक, रेशनकार्ड माझ्याकडे स्कॅन करून ठेवतात, मागं एखाद्या योजनेची मुदत आली तर फॉर्म अडू नये म्हणून. ते सगळं डी ड्राइव्हला होतं. “डीला हात लावत नाही,” म्हणालात. आणि शेवटच्या खेपेला अख्खी डिस्क पुसलीत. एक फोन केला नाहीत. ती माणसं आता सांगली-कोल्हापूरकडं नाहीतर कर्नाटकात कोपी टाकून आहेत. अंधारात फडात उतरणाऱ्या बाईला मी काय सांगू, ऊस ठेव आणि पासबुकाचा फोटो पाठव? पासबुक गावात पेटीत आहे, पेटीची किल्ली तिच्या कमरेला आहे. विंडोज मारायच्या पैशांत हेही धरलं होतं का तुम्ही? जरा लाज धरा हो!

असो. शेवटी रॅम तपासणारी मेमटेस्ट पेनड्राइव्हवर घेऊन रात्रभर लावली. ती फुकट मिळते. विंडोजच्या पोटातही मेमरी तपासायची सोय असते, तीही फुकट. कदाचित म्हणूनच आपल्या दुकानात चालत नसावी. पडद्यावर लाल ओळींची रांग लागली. आपली पट्टी काढून मेमटेस्ट पुन्हा लावली, एकही लाल ओळ नाही. पट्टीवरच्या ब्रँडचं नाव मला कुठंच सापडलं नाही, आणि स्टिकरखाली चिपांवरची अक्षरं घासलेली आहेत.

पण खरं सांगू का दादा, आपल्यावर धड रागावताही येत नाही. या चिपा बनवणारे जगात मोठे तिघंच: सॅमसंग, एसके हायनिक्स आणि मायक्रॉन. एआयच्या डेटा सेंटरांनी माल उचलायला सुरुवात केली आणि भाव भडकले. २०२५च्या डिसेंबरात मायक्रॉननं किरकोळ गिऱ्हाइकांसाठीचा क्रुशल हा ब्रँडच बंद करत असल्याचं जाहीर केलं. अशा बाजारात नावाजलेल्या पट्टीचा भाव सांगितला की गिऱ्हाईक म्हणणार, ऑनलाइन बघतो. मग ठोक व्यापारी बिलाविना, परतीविना जे गठुळं गळ्यात मारतो तेच आपल्या ड्रॉवरात. त्यात लॅपटॉप कंपन्यांनी आता मेमरी थेट बोर्डालाच डाग देऊन चिकटवायला घेतली. रॅम वाढवायला म्हणून लॅपटॉप येतो, झाकण उघडावं तर आत खाचच नाही. गिऱ्हाइकाला वाटतं आपणच थापा मारताय. असं झाकण मुकाट्यानं परत लावून देताना आपण एक रुपया घेत नाही, हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिलंय.

तर सोमवारी येतोय. ही पट्टी आपल्याच एखाद्या चालू मशिनला लावू, मेमटेस्ट सुरू करू आणि चहा मागवू. लाल ओळी आल्या तर मला पैसे परत नकोत. डीडीआर फोर, १.२ व्होल्टची, नाव असलेली, बिलावर तिचा अनुक्रमांक लिहिलेली पट्टी मागवून द्या. भावातला फरक मी देईन. ऊसतोडवाले परत आले की सगळ्यांचे कागद नव्यानं स्कॅन करायचेत, तो खर्च मात्र आपला.

कळावे, लोभ असावा.

आपला,
एक चकलांबेकर गिऱ्हाईक