परग्रहवासीयांसाठी सीमाभाग-परिचय

परग्रहावरील संस्कृतीची भाषा कशी असेल, याची कल्पना करणारे लेखक तेथील प्राण्यांना बहुधा शिट्ट्यांनी, रंगांनी किंवा वासाने बोलायला लावतात. मात्र त्या प्राण्यांना आपले बोलणे कसे वाटेल हा प्रश्न अधिक निकडीचा आहे, कारण ते बोलणे केव्हाच रवाना झालेले असून त्यात महाराष्ट्र-कर्नाटक सीमेवरील बेळगाव-निपाणीच्या मराठी आणि कन्नड या दोन्ही भाषा आहेत.

1977 साली ‘नासा’ने सोडलेल्या व्हॉयेजर-1 आणि व्हॉयेजर-2 या यानांवर सोन्याचा मुलामा दिलेली तांब्याची एकेक तबकडी, म्हणजे चक्क ग्रामोफोनची ध्वनिमुद्रिका, बसवलेली असून तिच्यावर केसरबाई केरकरांची भैरवी आणि 55 भाषांतील अभिवादने आहेत. त्यांतील कन्नड अभिवादन कन्नडिगांच्या वतीने शुभेच्छा देऊन मोजक्या शब्दांत आटोपते. मराठी अभिवादन मात्र साऱ्या पृथ्वीवरील लोकांचे शुभविचार पोचवते आणि ऐकणाऱ्याने याच जन्मी धन्य व्हावे, अशी इच्छाही व्यक्त करते. जमिनीवर कर्नाटकातील 865 गावे महाराष्ट्रात यावीत म्हणून भांडणाऱ्या भाषेने अंतराळात पाऊल टाकताच अख्ख्या पृथ्वीचे वकीलपत्र घ्यावे, याचे सीमाभागात कोणालाच नवल वाटणार नाही.

ही तबकडी परग्रहावरील एखाद्या भाषापंडिताच्या हाती (अथवा सोंडेस) लागली, तर पृथ्वी मराठी बोलते आणि कन्नडिग नावाचे लोक शेजारच्या ग्रहावर राहतात, असा सिद्धान्त तो मांडील. खात्री करून घेण्यासाठी तो निपाणीच्या बाजारात उतरला, तर गिऱ्हाईक एका भाषेत भाव विचारते, दुकानदार दुसरीत सांगतो आणि घासाघीस दोन्हींत होते, हे पाहून तो सिद्धान्त दुपारपर्यंतही टिकणार नाही. जवळच्याच सांगली जिल्ह्यातील कुपवाडच्या बोलींविषयीचा जॉन गम्पर्झ आणि रॉबर्ट विल्सन या भाषा-अभ्यासकांचा अभ्यास 1971 साली प्रसिद्ध झाला. पिढ्यान्‌पिढ्या शेजारी नांदलेल्या तेथील मराठी, कन्नड आणि उर्दू बोलींनी आपापले शब्द राखले, पण वाक्याची घडण इतकी सारखी करून घेतली की एकीतले वाक्य शब्दाला शब्द लावून दुसरीत नेता यावे, असे त्यांना आढळले. भाषाशास्त्रात याला अभिसरण, म्हणजे भाषांचे एकमेकींकडे सरकणे, म्हणतात. हे सारे लोक एकच भाषा बोलतात आणि केवळ भांडणाची सोय म्हणून शब्दांचे वेगवेगळे संच बाळगतात, असे आपला पंडित टिपून ठेवील; त्याची ही नोंद खोडून काढणे जड जाईल.

तो 1 नोव्हेंबरला बेळगावात असला तर अधिकच चक्रावेल. 1956 साली याच दिवशी हा भाग तेव्हाच्या म्हैसूर (आजच्या कर्नाटक) राज्यात गेला. त्यामुळे एक समाज लाल-पिवळे ध्वज घेऊन राज्योत्सव साजरा करतो, तर दुसरा काळे कपडे घालून काळा दिन पाळतो. रंगांनी बोलणारी संस्कृती अखेर सापडली, असा संदेश पंडित आपल्या ग्रहाकडे धाडील. तेवढ्यात त्याच्या यानावरील नावाच्या पाटीत, कर्नाटकातील दुकानांना सक्तीचे असलेले, 60 टक्के कन्नड का नाही, अशी विचारणा कोणीतरी करील आणि यान म्हणजे दुकान नव्हे हे सिद्ध करण्यात त्याचा मुक्काम लांबेल.

कोणी लगेच स्वागत समिती मात्र नेमू नये. व्हॉयेजर-1 एका ताऱ्याच्या त्यातल्या त्यात जवळून, म्हणजे सुमारे 1.6 प्रकाशवर्षांवरून, जाण्यास अजून सुमारे 40,000 वर्षे आहेत, आणि महाराष्ट्राने सर्वोच्च न्यायालयात 2004 साली दाखल केलेला सीमादावा अद्याप प्रलंबित आहे.