टांगती स्ट्रॉबेरी: लोहारद्याच्या साधकांसाठी मार्गदर्शन

प्रथम साधकाने मनाशी ठरवावं, की आपल्याला स्ट्रॉबेरी खायची आहे की लावायची आहे. खायचीच असेल, तर इंदूरला जाणाऱ्या कुणाच्याही हातात पैसे ठेवावेत. थंडीच्या दिवसांत संध्याकाळपर्यंत महाबळेश्वरची पेटी घरात येते आणि हा लेख इथेच संपतो. लावायची असेल तर मात्र देवास जिल्ह्यातल्या लोहारद्यासारखी जागा शोधून सापडणार नाही. इथे सोयाबीन कुणालाही येतं, गहू-हरभराही येतो. त्यात पुरुषार्थ तो काय?

साताऱ्याहून रोपं नेऊन तिकडे झाबुआत स्ट्रॉबेरी पिकवल्याच्या बातम्या येऊन गेल्या आहेत. कुणी दाखला मागितला तर त्या सांगाव्यात. ते पीक जमिनीवरचं होतं, एवढं सांगू नये.

टांगायची का, हे शेजारी विचारणारच. “भिया, ये ऊपर काहे को लटका रखी है?” उत्तर पाठ असावं. आपली काळी माती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते आणि मधल्या काळात पाणी धरून बसते. स्ट्रॉबेरीची मुळं अशा चिखलात कुजतात. शिवाय तिला सामू लागतो ५.५ ते ६.५, आणि काळ्या मातीचा बहुधा साडेसातच्या वर. अशा मातीत लोह असूनही रोपाला उचलता येत नाही. शिरा हिरव्या राहतात, मधलं पान पिवळं पडतं. म्हणून गावची माती गावालाच ठेवावी. टोपलीत कोकोपीट, चांगलं कुजलेलं शेणखत आणि थोडी जाड वाळू भरावी. हे ऐकून शेजारी गप्प होतो. पटतं म्हणून नव्हे, पोहे गार होत असतात म्हणून.

टोपली १२ इंची घ्यावी, तीत तीनच रोपं लावावीत. विंटर डॉन किंवा स्वीट चार्ली मिळाली तर उत्तम. महाबळेश्वरकडे लागवड सप्टेंबर-ऑक्टोबरात होते. आपल्याकडचं ऑक्टोबरचं ऊन लक्षात घेऊन दिवाळीच्या आसपास हात घालावा. मग माळव्यातल्या थंड रात्री पुढचं काम करतात. लावताना एकच गोष्ट डोळ्यांत तेल घालून पाहायची: पानांचे देठ जिथून फुटतात तो गड्डा बरोबर मातीच्या पातळीवर हवा. नखाएवढा खाली गेला तर कुजतो, तेवढाच वर राहिला तर वाळतो. बाकी शेतीत चालतो तो ‘जमके दबा दो’ हा मंत्र इथे चालत नाही.

थोड्याच दिवसांत रोपाला लांब दोरे फुटतात आणि त्यांच्या टोकाला पिल्लं धरतात. साधक हरखतो. हरखू नये. देवासचा इतिहास आठवावा. तुकोजी आणि जिवाजी पवार या दोघा भावांमुळे तिथे थोरली आणि धाकटी पाती झाली, आणि एकाच गावात दोन राज्यं १९४८ पर्यंत नांदली. टोपलीत एवढी जागा नसते. फळं हवी असतील तर दोरा दिसताच कापावा, गादी एकच.

याच थोरल्या पातीच्या महाराजांकडे १९२१ मध्ये ई. एम. फॉर्स्टर खासगी सचिव होते, आणि बागाही त्यांच्याच देखरेखीखाली होत्या. तीन वर्षांनी त्यांनी ‘अ पॅसेज टू इंडिया’ प्रसिद्ध केली. बागकामाने माणूस कुठे पोहोचतो, हे साधकाने यावरून ओळखावं.

पाण्याचं म्हणाल, तर टांगलेली टोपली चहूबाजूंनी वाऱ्यात असते आणि बघता बघता सुकते. बोटाने टोपली खालून उचलून पाहावी. हलकी लागली की पाणी. जड असेल तर हात मागे घ्यावा, मनाला कितीही वाटलं तरी. बोअरचं पाणी बहुधा जड असतं; पावसाचं साठवलेलं असेल तर तेच द्यावं. एकूण बडदास्त जावयाची, फरक इतकाच की हिला घरी परत जायला कुणी सांगत नाही. मे महिना ४० च्या वर गेला की ती आपणच निघते.

जमिनीवर नसल्याने फळाला माती लागत नाही आणि गोगलगाय येत नाही. खार येते. बुलबुल येतो. माकडांना टोपली हाताच्या उंचीवर टांगून दिल्याबद्दल ती आभार मानत नाहीत. जाळी बांधावी, पण फुलांच्या दिवसांत दिवसा काढावी. मधमाशी नीट फिरली नाही तर फळ वेडंवाकडं होतं, कारण वरच्या ज्या दाण्यांत बी धरतं, त्यांच्याच भोवतीचा गर फुगतो.

फळ पूर्ण लाल झाल्याशिवाय तोडू नये. तोडल्यावर स्ट्रॉबेरी पिकत नाही, नुसती रंगते. एका वेळी दोन-तीनच मिळतील. वाटणी आधी जाहीर करावी. काकूंना एक, शेजारच्या भाभींना अर्धी, उरलेली फोटोला. पोह्यांवर घालू नये, त्यांच्यावरचा जिरावण मसाला तिचं काही चालू देत नाही.

आणि फेब्रुवारीत पुण्याचे पाहुणे येणार, टोपलीत मात्र पानंच पानं, अशी वेळ आली तर इंदूरची पेटी आणावी. तिच्यातली फळं रोपाला बांधायला दोरा पांढरा नको, हिरवा घ्यावा. गाठ फळाच्या हिरव्या टोपीखाली लपवावी, टोपीवर मारू नये. पाहुणे साताऱ्याकडचे निघाले तर टोपली आधीच फार उंच टांगावी.